पाठ टेकल्यावरची कुस्ती

दवाखान्यातल्या सिस्टरचा घसा बसायची वेळ आली होती. "अहो बाबा, सरळ झोपा ना! सलाईनची नळी निघतेय." आणि माझा धाकटा भाऊ अंबादास भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडलेला, एवढं मोठं धूड त्या अरुंद कॉटवर मुडपून. मी म्हटलं, "सिस्टर, पैलवान आहे तो. पाठ टेकायचा नाही." ती बिचारी हसली. अंबादास हसला नाही. भिंतीकडे बघतच म्हणाला, "आक्का, लय करून पाह्यलं गं. डोकं म्हणतं झोप, पण अंग नाय ऐकत..." हे आमचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते, तेवढ्यात मंदाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला. ती फक्त "आक्का" म्हणाली. डबा तसाच ओट्यावर राहिला.

मग पेपरात बातमी आली. नाशिकमध्ये मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा पाया घालणारे पैलवान अंबादास गेले, वगैरे. खाली प्रकाशची श्रद्धांजली, आणि प्रकाशचा फोटो माझ्या भावाच्या फोटोपेक्षा मोठा! हा प्रकाश म्हणजे आमच्या तालमीच्या वस्तादांचा मुलगा. आज गंगापूर रोडला काचेच्या भिंतींची जिम चालवतो, पोरांना जाळीच्या पिंजऱ्यात लढायला शिकवतो. माझ्या भावाला त्याने गुरू म्हटलंय. वाचून अंगाचा तिळपापड झाला. गुरू काय, अरे तोंडावर तरी म्हणायचं एकदा, माणूस जिवंत होता तेव्हा! म्हणून हे लिहायला बसले. मला कुस्तीतलं काय कळतं असं कुणाला वाटेल, तर वाटू दे. बायकांना तालमीत पाऊल टाकायची बंदी होती, मी उभ्या जन्मात ती माती तुडवलेली नाही. पण अंबादास जे जे शिकून यायचा, ते सगळं माझ्या अंगावर करून बघायचा.

आमचा झेंडूचा आणि भाजीपाल्याचा मळा होता. वडील पहाटे फुलं घेऊन बाजारात जायचे आणि अंबादास तालमीत. आला की मला बांधावर गाठायचा, पटात हात घालून, म्हणजे मांड्या धरून, उचलायचा आणि दाणकन गवतात. "लागली पाठ! आक्का, संपली कुस्ती!" मी चिडून परत उठायचे, तर म्हणायचा, आता काही उपयोग नाही, पाठ लागली म्हणजे माणूस हरला. तालमीत पहिल्या दिवसापासून हेच कानात ओतलेलं. खाली गेलास तर पालथा पड, माती खा, पण आभाळ बघू नकोस. त्याच्या अंगात ते इतकं मुरलं की झोपेतसुद्धा तो उताणा व्हायचा नाही. आई कौतुकाने शेजारणींना दाखवायची. वस्तादांचा त्याच्यावर पोटच्या पोरापेक्षा जास्त जीव होता. तालमीच्या दाराची किल्ली त्याच्याकडे असायची, मातीत तेल, ताक, हळद मिसळायचं काम त्याच्याशिवाय कुणी करायचं नाही. वस्ताद चारचौघांत म्हणायचे, माझ्यामागे तालीम अंबादास बघेल. अंबड एमआयडीसीत मशीनवर नोकरी लागली, लग्न झालं, तरी त्याला हवं होतं ते एवढंच. बाकी कशाची हाव त्याला कधी नव्हती.

त्यात ती कॅसेट आली. पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. कंपनीतल्या कुणाचा तरी भाऊ दुबईला होता, त्याने आणलेली. व्हीसीआर माझ्या घरी होता, म्हणून अंबादास रविवारी दुपारी आला. जाळीच्या पिंजऱ्यात दोन माणसं सोडलेली. कुणी कराटेवाला, कुणी बॉक्सर, कुणी नुसताच डोंगरासारखा. जो तो आपापला धर्म घेऊन आलेला, आणि कुणाचा खरा ते ठरवायचं. मला तर बघवेना. मी भाजी निवडत बसले. तेवढ्यात एक किडकिडीत माणूस, पांढऱ्या डगल्यातला, त्याला त्या डोंगराने खाली घेतलं. अंबादासने मांडीवर थाप मारली, "पडला! संपलं!" आणि उठून चहाचं विचारायला लागला. पण टीव्हीत काही संपेना. तो किडकिडीत पाठीवर पडल्यापडल्याच पायांनी डोंगराला विळखा घालून बसला होता, निवांत, खाटेवर पडल्यासारखा. आणि थोड्या वेळाने तो डोंगरच जमिनीवर थापा मारायला लागला. थाप मारली म्हणजे हरलो, सोड, असा तिथला नियम. अंबादासचा चेहरा मी विसरणार नाही... त्याने कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. मग पुन्हा. पुढच्या एका लढतीत एक खरा पैलवान गडी होता. तो खाली गेला आणि पाठ वाचवायला सवयीने पालथा झाला. मागच्याने झटक्यात पाठीवर चढून हाताने गळा आवळला. अंबादास हळूच म्हणाला, "आक्का, हा मीच हाय. मी बी असाच मेलो असतो."

त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर उताणा पडायचा, छातीवर लोड घ्यायचा आणि पायांनी त्याला धरायला बघायचा. लोडच तो, काय करणार होता! पण मी नुसता लोडाला धक्का दिला की अंबादास गर्रकन पालथा. स्वतःलाच शिव्या घालायचा. "हे बघ, परत झालो! डोक्याला कळतंय तरी झालो!" आम्ही हसून लोळायचो. तेव्हा हसलो खरं.

हसण्यासारखं ते नव्हतंच. त्याने तालमीत पोरांना सांगितलं की पाठ लागली तरी लढायचं, तिथून पुढेही कुस्ती आहे. वस्तादांनी ऐकलं. म्हणाले, "माझ्या मातीत पोरांना उताणं पडायला शिकवतोस?" त्याने कॅसेटचं सांगितलं, गळ्याचं सांगितलं, हातापाया पडला. वस्तादांनी खुंटीवरचा त्याचा लंगोट काढून त्याच्या हातात दिला आणि किल्ली मागून घेतली. झालं. एवढी वर्षं त्या मातीला ताक पाजणारा माणूस बाहेर! एकानेसुद्धा तोंड उघडलं नाही. उलट गल्लीत त्याला 'झोप्या पैलवान' नाव पडलं. पान खायला उभा राहिला की पोरं मागून घोरल्याचा आवाज काढायची, आणि त्यात सगळ्यात पुढे प्रकाश.

अंबादासने शिकवायचं सोडलं नाही. आधी आमच्या गच्चीवर चार पोरं जमवली, सोसायटीने तक्रार केली. मग अंबडला एका बंद शेडमध्ये, गोणपाटात भाताचा पेंढा भरून त्यावर ताडपत्री अंथरली. कराटेचा एक, बॉक्सिंगचा एक, आणि जावेद म्हणून वेल्डिंग करणारा एक सडपातळ गडी. स्वतःला जे येत नव्हतं ते तो जावेदला शिकवायचा, पेंढ्यावर शेजारी उकिडवा बसून, "पाय वर, कोपर आत, घाबरू नको." नव्या कॅसेटी येत राहिल्या, पुढे सीड्या आल्या, आणि खेळ कसा पालटतोय ते तो मला येऊन सांगायचा. त्या किडकिडीताचे दिवस फार टिकले नाहीत. पैलवान शहाणे झाले, गळा सांभाळायला शिकले आणि वरून दाबून ठोकायला लागले. मग बॉक्सिंगवाले शहाणे झाले, पटात कुणी शिरला की पाय मागे फेकून त्याला खालीच दाबायला शिकले, पडले तरी लगेच उठायला शिकले. मी विचारलं, "मग आता खरं कोण रे?" तर म्हणाला, "आता कुणीच नाय. आधी मटकी वेगळी, रस्सा वेगळा, फरसाण वेगळं होतं. आता मिसळ झाली बघ. नवी पोरं पहिल्या दिवसापासून सगळंच शिकत्यात." मग म्हणाला, "पण आक्का, पाया आपलीच माती. वस्तादला एकदा दिसायला पायजे."

वस्तादला दिसावं म्हणूनच त्याने ती कुस्ती मागितली. तालमीच्या दारात उभा राहून म्हणाला, माझा जावेद तुमच्या पाहिजे त्या गड्याशी लढेल, नियम जाळीतले, आणि तुम्हाला पटलं तर मला परत घ्या. वस्ताद म्हणाले, "पटलं तर किल्ली देतो. होऊन जाऊ दे." त्यांनी प्रकाशला उतरवलं. मी आणि मंदा समोरच्या ओट्यावर चढून तालमीच्या गजांच्या खिडकीतून बघत होतो. मंदाने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. प्रकाशने शड्डू ठोकला, जावेदला उचलला आणि पाठीवर आपटला. जो जल्लोष झाला! हलगी काय, शिट्ट्या काय, पोरं नाचायलाच लागली. आणि त्या गोंधळात खाली जावेदने प्रकाशचा हात दोन पायांत धरला होता. प्रकाश मातीवर थापा मारत होता, ओरडत होता, आणि त्याला खांद्यावर घ्यायला लोक धावत होते. चौघांनी जावेदला ओढून बाजूला केलं. अंबादास ओरडला, "वस्ताद, त्याचा हात बघा! थाप मारली त्याने!" वस्तादांनी हात बघितला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पोराचं कोपर बघितलं, मग अंबादासकडे बघितलं आणि म्हणाले, "पाठ लागली. कुस्ती संपली." प्रकाशच्या गळ्यात बरेच दिवस झोळी होती. गल्लीत सांगितलं की गाडीवरून पडला.

वस्ताद गेले. त्यांच्या शेवटच्या आजारात अंबादास दारापर्यंत जाऊन आला, त्याला आत घेतलं नाही. मग प्रकाशने तालीम पाडून जागेवर गाळे काढले. माती ट्रॅक्टरमध्ये भरून ओढ्याच्या कडेला ओतली, एवढ्या वर्षांची माती, कचऱ्यासारखी! अंबादास ड्युटीवरून सुटला तो थेट तिथे गेला. पोत्यात माती भरून सायकलवर घरी आणली आणि कॉटखाली ठेवली. मंदा म्हणाली, "घरात कशाला हा पसारा?" त्याने पोतं आणखी आत सरकवलं. तोवर केबलवर जाळीतल्या लढती रोज दिसायला लागल्या होत्या, पोरांना वेड लागलं होतं, आणि प्रकाशची जिम उघडली. बाहेर बोर्ड काय, तर शहरात प्रथमच! अंबादास तिथे शिकवायचं काम मागायला गेला. मी नको म्हणत होते. पण खोड मोडेना, म्हणाला, काच असू दे नाय तर माती, पोरं तर त्याच गल्लीतली. प्रकाशने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "काका, तुमच्याकडे सर्टिफिकेट कुठलं?" आतमध्ये पोरं पाठीवर पडून लढत होती. अंबादासने तेवढं बघितलं आणि परत आला. मला म्हणाला, "चांगलं शिकवतोय. कोपर आत घेत्यात पोरं." असला माणूस! मी असते तर काच फोडली असती.

आणि हा प्रकाश अंत्ययात्रेला आला, जिमची पोरं घेऊन, सगळ्यांच्या अंगात छापील टी-शर्ट. डोळे पुसत चार लोकांत म्हणाला, "पैलवानाच्या अंगाला तालमीची माती लावायला पाहिजे होती. पण आता कुठे राहिली ती..." मंदा आतून उठली. कॉटखालून पोतं ओढत आणलं आणि प्रकाशच्या पायाशी ठेवलं. पोतं सोडल्यावर हळदीचा, ताकाचा तो वास घरभर पसरला. प्रकाशने खाली बघत मूठ भरली, अंबादासच्या कपाळाला लावली, छातीला लावली. पोरांनी अंबादासला कुशीवर करून पाठीलाही लावायला घेतली, तशी मंदा इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओरडली, "पाठीला नाही!" पोरांनी हात मागे घेतले. मग आमच्या माणसांनी त्याला उचलला आणि तिरडीवर ठेवला, पाठीवर, सरळ, जसा सगळ्यांना ठेवतात तसा. मला ते बघवलं नाही.

गेल्या आठवड्यात मंदाला प्रकाशचा फोन आला. उरलेली माती त्याला हवीय. जिमच्या दारात काचेच्या पेटीत ठेवणार, वर अंबादासचा फोटो. मंदाने मला बोलावून विचारलं, काय करू? मी म्हटलं, पोतं आण मागच्या अंगणात. दोघींनी मिळून ओतलं, हाताने पसरलं. मी चप्पल काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या मातीत उतरले. गुडघे दुखतात माझे, बसायलाच वेळ लागला. मग पदर खोचला आणि पाठीवर पडले. गार लागली माती. मंदा घाबरून म्हणाली, "आक्का, हे काय, उठा ना." आत घरात फोन वाजत होता, प्रकाशचाच असणार. मी पाय वर घेतले, कोपर आत घेतलं, तो जावेदला सांगायचा तसं. आणि मंदाला म्हटलं, फोन वाजू दे, अजून कुस्ती संपलेली नाही.