न सांगितलेलं गाऱ्हाणं

गेल्या वर्षी गणपतीनंतर माझा आवाज गेला. आधी घसा बसला असं वाटलं, मग बोलणं घोगरं झालं, आणि शेवटी डॉक्टरांनी स्वरयंत्रावरची गाठ काढली. गाठ साधी निघाली. महिनाभर एक अक्षरही बोलायचं नाही, मग आवाज हळूहळू येईल, असं त्यांनी सांगितलं होतं. महिना संपला, दिवाळी होऊन गेली, तरी तोंड उघडलं की नुसता वारा बाहेर यायचा. तपासणीत सगळं ठीक दिसत होतं. "थोडा धीर धरा," एवढंच डॉक्टर म्हणायचे. धीर कसा धरायचा ते मला कधी शिकावं लागलं नव्हतं.

कसालला आमचा काजूचा कारखाना आहे. यजमान गेले तेव्हा तो एका पडवीत होता. पुढच्या वीस वर्षांत मी तो वाढवला, आणि खरं सांगायचं तर आवाजाच्या जोरावर वाढवला. सकाळी फाटकातून आत शिरताना माझी हाक पार शेवटच्या टेबलापर्यंत पोचायची. कोण उशिरा आली, कोणाच्या हातून काजूगर तुटले, कोण बोलत बसली, हे मी बघायच्या आधीच बायका सावरून बसायच्या. मला त्याचा अभिमान होता. देवीने मला लक्ष्मी दिली ती याच आवाजातून दिली, असं मी मानायचे. म्हणून ऑपरेशनाआधी माहेरच्या देवीला सोन्याची नथ पाठवली होती. आमच्या घरात नवस कधी फुकट गेला नव्हता.

या वेळी काहीच झालं नाही. पण आवाज न येण्यापेक्षा दुसरीच एक गोष्ट मला जास्त लागली. माझ्यावाचून कारखान्याचं काही अडलं नाही. सूनबाई मेघना सकाळी दोन तास बसायची, फोन घ्यायची, माल वेळेवर जायचा. एकदा मी दुपारी न सांगता कारखान्यात गेले. दारापाशी पोचले तर आत बायका कशावर तरी खळखळून हसत होत्या. कामही चाललं होतं. मला बघितल्याबरोबर सगळ्या गप्प झाल्या. मी तशीच परत फिरले. घरी येऊन नव्या सोफ्यावर बसले आणि मला कळेना, की ही इतकी वर्षं मी नेमकं काय करत होते. दुमजली घर, दारात गाडी, कपाटात दागिने, मुलगा-सून शहाणी. कमी कशाचीच नव्हती. मग हे छातीत काय दुखत होतं? रडू यावं असं काही घडलं नव्हतं, आणि हसावं असंही काही सापडत नव्हतं.

शेवटी ठरवलं की स्वतः देवीकडे जायचं. नथ पाठवली, आपण गेलो नाही, म्हणून ती रुसली असेल. लग्नानंतर सुरुवातीला माहेरी जायचे तसं एस.टी.ने आणि चालत जायचं, एकटीने. मेघनाने विरोध केला, पण मी कागदावर "जाणार" एवढंच लिहून दिलं. खण-नारळाची पिशवी, पाण्याची बाटली आणि फोन घेऊन सकाळच्या गाडीने मालवणला उतरले.

पुढे जे झालं त्याला मी स्वतःच कारण आहे. दोन महिन्यांत मला एक सवय लागली होती. कोणी काही विचारलं की समजावून सांगण्याचा त्रास नको म्हणून मी नुसती मान हलवायची. स्टँडवर आचऱ्याच्या बाजूला, माझ्या माहेराकडे जाणारी गाडी शोधत होते, तेवढ्यात मासळीची रिकामी टोपली घेतलेली एक बाई माझ्या दंडाला धरून म्हणाली, "चल गो, गाडी सुटतली." मी मान हलवली आणि चढले. कंडक्टरने काहीतरी विचारलं, मी मान हलवली. त्याने तिकीट दिलं. त्या बाईशेजारी जागा मिळाली, खिडकीतून वारा लागला आणि कित्येक रात्रींची झोप एकदम डोळ्यांवर आली. जागी झाले तेव्हा गाडी रिकामी होत होती आणि समोर समुद्र होता. माझ्या माहेरच्या गावात समुद्र नाही. मी तोंडवलीला येऊन पोचले होते.

त्या बाईचं नाव शेवंती. वय माझ्याएवढंच, साठीच्या आसपास. मी गोंधळून उभी राहिलेली बघून ती परत आली. "खंय जावक व्हया तुका?" मी घशावर हात ठेवून मान हलवली. "मौन धरलंस काय गो?" आता मात्र मी मान हलवली नाही. घाईघाईने फोनवर सगळं लिहिलं, कोण मी, कुठली, कुठे जायचंय, आवाज कसा गेला, आणि तिच्यापुढे धरलं. तिने फोन लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि परत दिला. "माझो चष्मो घराक रवलो. माका ह्यां काय वाचूक जमाचा नाय."

पलीकडे दोन माणसं उभी होती. त्यांना दाखवता आलं असतं. मेघनाला निरोप पाठवून गाडीही बोलावता आली असती. मी फोन पिशवीत टाकला. का टाकला ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित दमले होते. कदाचित एका माणसाला तरी मी कोण आहे हे ठाऊक नाही, याचं बरं वाटलं असेल.

"परतीची गाडी आता तीन वाजता," शेवंती म्हणाली. "तवसर हय बसान काय करतलंस? चल माझ्यावांगडा."

किनाऱ्यावर रापण चालली होती. होडी समुद्रात अर्धगोल जाळं टाकून आली होती आणि त्याच्या दोन टोकांचे दोर धरून माणसं दोन्ही बाजूंनी ते ओढत होती. बाया, म्हातारे, शाळेतून रिटायर झालेले एक मास्तर, कोणी पाहुणे. शेवंतीने पदर खोचला, दोर धरला आणि मला पुढ्यात जागा दिली. मी आयुष्यात असलं काही केलं नव्हतं. दोर ओला, जाड, खरबरीत. एक पाऊल मागे टाकायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. सुरुवातीला वाटलं, माझ्या ओढण्याने काय फरक पडणार. थोड्या वेळाने वाटणंच थांबलं. माझ्या मागच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता, पुढचीच्या पाठीवरचा घाम दिसत होता. कोणी मला काही विचारत नव्हतं, मी कोणाला काही सांगत नव्हते. तळहात सोलवटले. तास गेला की दोन गेले, कळलं नाही. जाळं वाळूवर आलं तेव्हा त्यात तारली आणि बांगडे उन्हात चमचमत होते, आणि माझे डोळे भरून आले होते. कोणत्या दुःखाने, ते मी शोधून बघितलं. दुःख सापडलं नाही.

मासळीचे वाटे घालायच्या आधी सगळे वरच्या सुरूंच्या झाडांखालच्या घुमटीपाशी जमले. आत शेंदूर फासलेला एक दगड, त्यापुढे विडा. रापणीचे प्रमुख, ज्यांना सगळे तात्या म्हणत होते, ते गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला विनवायला, उभे राहिले. त्यांचं झाल्यावर शेवंती म्हणाली, "तात्यानु, हिचाय एक गाऱ्हाणां घाला."

"काय म्हणान घालू?"

"ता माका ठावक नाय. ती बोलना नाय."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. आता फोन काढायला हवा होता. देवासमोर मागणं मांडायची हीच वेळ, यासाठीच तर मी निघाले होते. पण हात पिशवीकडे गेला आणि थांबला, कारण लिहायचं काय तेच मला उमगेना. आवाज दे? तो कशासाठी हवाय? पुन्हा त्या फाटकातून हाक मारायला? मला खरंच काय हवं होतं? मी खण-नारळ घुमटीपुढे ठेवला आणि हात जोडले.

तात्यांनीही घुमटीकडे वळून हात जोडले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आज ही बाय तुझ्या दाराक इली. ही खंयची, कोणाची, आमका ठावक नाय. हिच्या मनात काय आसा, ताय आमका ठावक नाय. ता तुका ठावक. जा काय आसात ता तू बघ, आणि हिका सुखरूप घराक पावती कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे एका सुरात म्हणाले.

माझ्यासाठी आजवर पुष्कळ पूजा झाल्या, अभिषेक झाले, गोत्र-नावासकट संकल्प सोडले गेले. पण माझं नाव, गाव, मागणं यातलं काहीही माहीत नसलेल्या पंचवीस-तीस माणसांनी माझ्यासाठी "व्हय म्हाराजा" म्हटलं, तेव्हा कोणीतरी डोक्यावरून ओझं उतरवून घ्यावं तसं झालं. मागायचं काय हे सुद्धा मला ठरवायची गरज नव्हती. मी तिथेच वाळूत बसले.

मग वाटे पडले. शेवंतीने केळीच्या पानात बांधून मासळी माझ्यापुढे ठेवली. "ह्यो तुझो वाटो." मी सवयीने पर्स उघडली, नोट काढली. तिने भुवया उंचावल्या.

"पैशे कित्याक? तू गिऱ्हाईक न्हय गो. दोराक हात लायलंस, तुझो वाटो झालो."

मी पर्स बंद केली. तीनच्या गाडीत तिने मला बसवलं, कंडक्टरला हात करून सांगितलं, "अरे बाबा, हिका मालवणाक उतरय, ती बोलना नाय," आणि मागे वळून न बघता चालू लागली. तिचं आडनावही मला ठाऊक नाही. माहेरच्या देवीकडे मी त्या दिवशी पोचलेच नाही, आणि का कोण जाणे, तिला त्याचं वाईट वाटलं असेल असं मनात आलं नाही. पोचायचं होतं तिथेच देवीने मला उतरवलं असावं.

आवाज पुढे पंधरा दिवसांनी आला. तो या सगळ्यामुळे आला असं मी म्हणत नाही, यायचाच होता असं डॉक्टर म्हणतात. आला तोही पातळ, खालचा. मोठ्याने बोललं की तुटतो. लांबून हाक मारणं आता मला जमत नाही, जमणारही नाही. कोणाशी बोलायचं तर जवळ जावं लागतं.

म्हणून मी कारखान्यात केबिनऐवजी टेबलाशी बसू लागले, काजूची साल काढायला. पहिले काही दिवस फार अवघड गेले. बायकांना वाटलं, ही पाळत ठेवायला बसलीय. टेबल मुकं व्हायचं. माझेही गर तुटायचे आणि त्या बघून न बघितल्यासारखं करायच्या. रोज संध्याकाळी वाटायचं, उद्यापासून हे बंद करावं, आपलं हे वय आहे का. मी काय मिळवायला बसते तेही मला नीट कळत नव्हतं. तरी सकाळी पाय तिकडेच वळायचे. एका आठवड्याने माझ्या शेजारची रेश्मा हातातल्या गरावरून नजर न काढता म्हणाली, "वयनी, वायच थय सरा. माका उजेड व्हयो."

सगळं टेबल थबकलं. वीस वर्षांत मला तिथे कोणी सरा म्हटलं नव्हतं. मी सरकले. तिच्या हातावर खिडकीतलं ऊन पडलं, आणि थोड्या वेळाने पलीकडच्या बाईने आपल्या मुलीच्या लग्नाची अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे सुरू केली. मी ऐकत राहिले. देवीने मला काय दिलं असं कोणी विचारलं तर मला अजून धड उत्तर देता येत नाही. एवढं कळतं, की मी जागा अडवून बसले होते, आणि तिने मला हलकेच बाजूला सरायला लावलं. तिचे उपकार.