बेटावर त्या दिवशी ऊन होतं

माझ्या नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढं बास झालं. आता घेणार नाही. आमच्या आया-आज्या मान म्हणून नवऱ्याचं नाव घेत नसत. मी घेत नाही ते रागानं, आणि हा राग अजून उतरलेला नाही. तो ज्या बेटावर जाऊन बसलाय त्याचंही नाव इथं लिहिणार नाही. अंदमानच्या खालच्या अंगाला आहे, नकाशावर माशी बसल्यासारखं दिसतं, एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं. पण त्या बेटावर पाऊस कधी लागतो, कधी उघडतो, वारं कुठल्या अंगानं सुटतं, वादळं कधी उठतात आणि उठून कुठं जातात, हे मला झोपेतून उठवून विचारा. मी केज तालुक्यातली अंगणवाडीची बाई. समुद्र मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही.

तो आधी उसाच्या वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचा. मग जेसीबी शिकला. नांदूरघाटच्या बाजारात एका ठेकेदाराच्या माणसाशी ओळख झाली आणि त्यानं ह्याला अंदमानात धक्क्याच्या कामावर नेलं. धक्का म्हणजे बोटी लागायची जागा, हेही मला फोनवर त्यानंच सांगितलं. पहिलं वर्ष बरं गेलं. रोज फोन यायचा. लेकीशी बोलायचा, आईशी बोलायचा, मला विचारायचा, "जेवलीस का?" आमच्याकडं मे महिना लागला की सगळं गाव अंदमानाचं नाव काढतं, कारण मान्सून आधी तिथं पोचतो आणि बातम्यांत तेच सांगत असतात. पारावरची माणसं मला थांबवून विचारायची, "बाई, मालक काय म्हणतेत? उतरला का तिकडं?" मी पदर सारखा करून सांगायची, "उतरला म्हणतेत." लई मोठेपणा वाटायचा मला, मूर्ख बाईला.

दुसऱ्या वर्षापासून फोन तुटायला लागले. हॅलो म्हटलं की तिकडून ठरलेलं बोलणं: "इकडं पाऊस लई हाय. ऐकू येत न्हाई. ठिवतो." लेकीचा बारावीचा निकाल लागला, चांगला लागला. तिनं पेढा हातात धरून फोन लावला.

"पप्पा, पास झाले!"

"इकडं पाऊस लई हाय बाळा. ऐकू येत न्हाई. ठिवतो."

तिनं पेढा परत डब्यात ठेवला आणि वर मलाच समजावलं, "मे महिना हाय ना आई, तिकडं पाऊस लागला आसंल." पोरगी बापावर जीव टाकायची. मीही तेच धरून चालले होते, खोटं कशाला बोलू.

पण पुढच्या माघात काय? संक्रांत होऊन गेलेली, ज्वारी काढणीला आलेली, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, आणि ह्याचा तोच धोशा: पाऊस लई हाय. मी विचार केला, आमच्याकडं येणारा पाऊस तिथूनच येतो म्हणतात, मग माघात तिथं कुठला मान्सून बसलाय? अंगणवाडीच्या कामाला मोबाईल मिळालाय, लेकरांची वजनं-उंच्या भरायला. त्यात शोधत शोधत मी ढगांचं चित्र काढलं. पाऊस कुठं आहे, वारं कसं वाहतंय, सगळं रंगारंगांत दिसतं. बेट सापडायलाच अर्धी दुपार गेली. सापडलं तेव्हा त्याच्यावर ढगाचा एक ठिपका नव्हता. आजूबाजूचा समुद्र परातीतल्या पाण्यासारखा गप्प पडला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या दिवसापासून मी बेटाच्या मागं लागले. अंगणवाडीच्या भिंतीवर देशाचा नकाशा आहे. त्यावर बेटाच्या जागी मी एक टिकली लावली, काळी. लाल लावायला हात झाला नाही. लेकरं विचारायची, "बाई, ही कुणाची टिकली?" मी म्हणायची, "मुडद्याची. गप खिचडी खा." रोज सकाळी पोरांची वजनं करायच्या आधी मी बेट बघायची. हळूहळू त्याचं सगळं कळायला लागलं. मेच्या मध्याला तिथं पाऊस धरतो तो पार आपल्या गणपतीपर्यंत सोडत नाही. मग जरा दम खातो. दसरा-दिवाळीच्या तोंडाला वादळांचे दिवस येतात: समुद्रात सुपारीएवढा ढग धरतो, दोन दिवसांत ताटाएवढा होऊन गरगरायला लागतो. आणि पौषापासून चैतापर्यंत नुसतं ऊन. अगदी आपल्यासारखं.

म्हणजे ह्याच्या थापांचं अर्धं वर्ष मी तिथंच पकडलं. फोन आला की मी म्हणायची, "खोटं बोलू नका, आज तिथं ऊन हाय."

"येडी झालीस का? तू तिथं केजात बसून तुला काय दिसतंय?"

"सगळं दिसतंय."

मग तो फोनच घेईना. एकदा घेतला, तर चुकून त्याच्याकडून व्हिडिओचं बटण दाबलं गेलं. तोंडानं "पाऊस लई हाय" चालूच, आणि पाठीमागं लख्ख ऊन. उन्हात दोरी, दोरीवर एक परकर आणि एक पिवळा झबला. लहान लेकराचा. बघता बघता त्यानं बंद केलं.

सासूला सांगितलं. ती शेंगा फोडत होती, तिनं मान वर केली नाही. "शेजारणीचं आसंल. माझं लेकरू पावसात राबतंय, आन तू हितं बसून त्याच्या चुका काढ."

"आत्या, पाऊस न्हाई हो तिथं!"

"तुला कसं ठावं? तू काय आभाळात बसलीयस?"

दीर हसला. "वैनीला मोबाईलचा नाद लागलाय." दोन दिवसांनी तो मला मोटारसायकलवर बसवून तेलगावकडच्या कुठल्याशा भगताकडं न्यायला निघाला, बाहेरचं काही आहे का बघायला. मी त्याला अंगणातच असं काही सुनावलं की त्यानं गाडी परत लावली. पण गावात झालंच: अंगणवाडीच्या बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, दिवसभर ढग बघत बसती. पूर्वी पाऊस विचारणारी पारावरची माणसं आता मी गेले की एकमेकांकडं बघायची.

हेही मी गिळलं असतं. पण तो लेकीला गुपचूप फोन करायचा आणि सांगायचा, "तुझी आई संशय घिती, मनून मला घरी यावं वाटत न्हाई." पोरीनं ते खरं धरलं. केजला कॉलेजला जाते-येते, पण मला बोलेना. अंथरूण उचलून आजीजवळ नेलं. एकदा डबा भरताना फाडकन म्हणाली, "तू सारखा पाऊस बघतीस मनून पप्पा तुटले." माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. नवरा गेला त्याचं मला एवढं नव्हतं. जाणारा जातो, जाऊ दे मसणात. पण जाताना त्यानं माझी पोरगी माझ्यापासून तोडून नेली, आणि ती मला परत पाहिजे होती. तीसुद्धा माझ्या सांगण्यानं नाही. त्याच्या स्वतःच्या तोंडून खरं निघालं पाहिजे, आणि ते तिच्या कानावर पडलं पाहिजे. मी ठरवून टाकलं होतं.

तोवर मी काय करत होते? वादळाची वाट बघत होते. सरळ सांगते. समुद्रात ढग गोल फिरायला लागला की मी कडाकडा बोटं मोडायची. ये बाई, म्हणायची, त्याच्या घरावर ये. बाकीच्यांचं राहू दे, त्याचेच तेवढे पत्रे उडव. पण वादळं काय ऐकतात? बेटाला खांदा घासून पुढं निघून जायची. एका वर्षी तर मी इतक्या मनापासून बोलावलेलं वादळ आंध्राच्या किनाऱ्याला लागलं आणि त्याचं उरलंसुरलं आमच्यावर येऊन ओतलं. काढून ठेवलेल्या सोयाबीनला कोंब फुटले. दीर भिजलेली ताडपत्री झटकत म्हणाला, "घ्या वैनी, तुमचं अंदमान आलं घरी." तरी पुढच्या वेळी मी परत बोटं मोडलीच.

मग ती दिवाळी आली. ह्यानं यायचं कबूल केलं होतं, लेकीला. आठ दिवस आधी निरोप: वादळ येणार आहे, जहाज बंद आहे. लेक दिवसभर तोंड पाडून फिरली. मी बघितलं तर ह्या खेपेला खरंच वादळ होतं. पहिल्यांदा त्याचं बोलणं खरं निघालं, ह्याचाच मला राग आला. वादळ चांगलं थोरलं होतं आणि नीट बेटाच्या रोखानं चाललं होतं. तीन सकाळी मी त्याच्यावर नजर ठेवून होते. चौथ्या सकाळी बघते तर त्यानं वाट बदललेली. वर, उत्तरेकडं वळून लांब निघालं होतं. "मेलं हेही वळलं," म्हणून मी मोबाईल कनवटीला लावला आणि शंकरपाळ्या करायला बसले.

दुपारी सगळे अंगणात होतो. सोयाबीन वाळत घातलेलं, दीर त्याचे कट्टे, म्हणजे पोती, शिवत होता, सासू सावलीला शेंगा फोडत बसलेली. लेक माझ्यासमोर पोळी लाटत होती, न बोलता. आणि फोन वाजला. तोच. कितीतरी महिन्यांनी आपणहून माझ्या नंबरवर.

"ऐक, ठिवू नको," तो धापा टाकत होता. "तुला दिसतंय ना वादळ? हितलं नेट बंद पडलंय. गाडीवरून वरडत फिरतेत, वादळ येणार मनून. एक डोंगी, बारकी होडी, चाललीया मोठ्या बेटाकडं, शेवटची. बसवू का नको, सांग. कुठं चाललंय ते?"

मी पीठभरल्या बोटानं स्पीकर लावला. मोबाईल सुपात ठेवला, सगळ्यांच्या मधोमध.

"कुणाला बसवायचंय?" मी विचारलं.

"कामावरली माणसं हायत."

"कोण माणसं?"

"आगं, माणसं हायत! टाईम न्हाई, सांग लवकर!"

"न्हाई सांगत. आदी तू सांग."

मी त्याला तू म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात कधी अहो चुकलं नव्हतं. सासूचा शेंगा फोडणारा हात थांबला. दिरानं सुई कट्ट्यात तशीच टोचून ठेवली. आणि फोनमधून, अगदी जवळून, लहान लेकराचं रडणं आलं. लेकीनं लाटणं खाली ठेवलं.

"एक बाई हाय," तो म्हणाला.

"कुणाची बाई?"

तिकडून नुसतं लेकराला थोपटल्याचं ऐकू आलं.

"आन रडतंय ते कुणाचं?"

"माझं," तो म्हणाला. मग एकदम ओरडला, "माझंच हाय! दोगंबी माझीच हायत! आता तरी सांग की गं, पाया पडतो तुझ्या!"

मला फार बरं वाटलं. लपवत नाही. भर उन्हात कुणी घागर ओतावी तसं वाटलं. मी सासूकडं बघितलं, ती पदर तोंडात धरून बसली होती. दिराकडं बघितलं, तर तो मान खाली घालून कट्ट्याचं तोंड चाचपत होता, आणि मला तिथंच कळलं की ह्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं. भगताकडं न्यायला निघाला होता मला, भाड्या! त्याचं मी नंतर बघणार होते, आणि बघितलंही. मनात आलं, आणखी थोडं तंगवावं ह्याला. विचारावं, मागच्या माघात कुठला पाऊस होता, निकालाच्या दिवशी कुठला होता. पण लेकरू रडायचं थांबेना. दिवसभर रडकी लेकरं सांभाळणारी बाई आहे मी, त्या बोंबलणाऱ्या जिवावर मला सूड काढता येईना. त्याच्या बापावरचा काढून झाला होता.

"डोंगीत कुणाला बसवू नको," मी म्हणाले. "लाटा मोठाल्या हायत. पक्क्या घरात जाऊन बसा. वादळ सकाळीच वळलंय, वर चाललंय. तुज्या बेटावर येत न्हाई."

"सकाळीच?" त्याचा आवाज चिरकला. "मग आत्तापस्तोर का सांगितलं न्हाईस?"

"इचारलंस कवा?"

तो काहीतरी बोलणार होता. पण लेक उठली. हाताला पीठ तसंच होतं. तिनं सुपातून मोबाईल उचलला आणि तोंडाजवळ धरला.

"पप्पा."

"बाळा? बाळा, तू हायस व्हय तिथं? ऐक माझं, मी तुला सगळं सांगतो..."

"इकडं पाऊस लई हाय पप्पा," ती म्हणाली. "ऐकू येत न्हाई. ठिवते."

तिनं फोन बंद केला, माझ्या शेजारी येऊन बसली आणि लाटणं उचललं. अंगणात कडक ऊन पडलं होतं.