अकरा जणांची जागा

सबंध वर्धा जिल्ह्यात जागा धरण्याच्या कामात आमच्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस मी पाहिलेला नाही. ते देवळीला राहतात. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. लोकांनी खिडकीतून टाकलेले शेकडो रुमाल त्यांनी सीटवरून उचलले असतील, आणि रिटायर झाल्याबरोबर स्वतः तोच उद्योग सुरू केला, तोही बोर धरणाच्या काठावर! हिवाळ्यातल्या शनिवारी तिथे अर्धं नागपूर तंबू घेऊन उतरतं आणि मैदानात पहिला येईल त्याची जागा असते. म्हणून साडू शुक्रवारीच जाऊन बसतात.

जागा पसंत करणं त्यांच्या लेखी मुलगी पाहण्याइतकं गंभीर. पाण्याने काठोकाठ भरलेला गडवा जमिनीवर ठेवून उतार बघणार, उदबत्ती लावून वारा बघणार, मग टोपी तोंडावर घेऊन दहा मिनिटं चक्क आडवे होणार. एकदा आम्ही शनिवारी पोचलो, जागा झकास होती, तरी ताडकन उठून म्हणाले, "इथं नाई जमत. वांदरं वरून पाहून राह्यले." आम्ही अकरा माणसं डोक्यावर सामान घेऊन त्यांच्या मागे फिरत होतो. त्यांना शिव्या घालत होतो, पण रात्री अंगाला खडा टोचला नाही की त्यांचंच नाव काढत होतो. मग साडूंची बायको, म्हणजे माझी मेहुणी, नातू सांभाळायला पुण्याला लेकाकडे गेली, भाचे नोकरीला लागले, दरवर्षी एकदोन माणसं गळत गेली. साडू जागा मात्र अकरांचीच धरत राहिले.

यंदा शनिवारी सकाळी घरच्या ग्रुपवर एकेकाचे निरोप आले. कोणीच येणार नव्हतं. साडूंचा फोन बटणांचा, ते ग्रुपवर नाहीत, तेव्हा सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. फोनवर धीर होईना म्हणून मी बस धरली.

दुपारी पोचलो तर मैदान गच्च भरलेलं आणि मधोमध साडूंचं संस्थान. लुंगी, टॉवेल, चादरी, रुमाल, प्रत्येकावर दगड. दोन लेकरांना घेऊन एक जोडपं तिसरी चक्कर मारत होतं. "काका, इथे कोणी आहे का?"

"येऊन राह्यले जी. सेलूपर्यंत पोचले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी दिलेला चिवडा खाल्ला, पाण्यावरच्या बदकांबद्दल बोललो, हवेबद्दल बोललो. शेवटी म्हणालो, "भाऊ, कोणीच येत नाहीये."

"मालूम हाये. तुई मेहुणी सकाळीच बोलली फोनवर."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुले सांगतलं असतं तं तू तरी कायले आला असता?"

ते उठले, एकेक दगड बाजूला करत कपडे गोळा केले आणि त्या जोडप्याला हाक मारली. "या जी, इकडं लावा तंबू. लेकरायले उन्हात नका फिरवू." कोपऱ्यात एका तंबूपुरती जागा तेवढी ठेवली. मग माझ्या हातातल्या चिमुकल्या पिशवीकडे त्यांचं लक्ष गेलं. तिच्यात ना पांघरूण होतं, ना टॉवेल. निरोप सांगून पाचच्या बसने मी परत निघणार होतो.

"तुले तं वापस नाई ना जा लागत?" माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि आज येत नाही म्हणून घरी कळवायला जरा बाजूला गेलो.