कोदोचे बाफले

बाफले, म्हणजे आधी उकळून मग भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे; त्यांच्या बाबतीत आमच्या उज्जैनच्या घरात शेवटचा शब्द माझा असे. बाकी सगळ्या बाबतीत माझ्या बायकोचा, शुभदाचा. (ही वाटणी तिनेच केली होती.)

माझी पुतणी मुग्धा सातपुड्याच्या डोंगरातल्या गावांत काम करते. तिथल्या बायकांनी कोदो हे मागे पडलेलं भरडधान्य पुन्हा पेरलं. पीक छान आलं, पण घेणारं कुणी नाही! पोती तशीच पडून राहिली तर पुढच्या वर्षी शेतं ओसाड आणि बायका परत शहरात मजुरीला. म्हणून तिने टावर चौकातल्या शर्माजी केटररना रविवारी चव बघायला आमच्या माधव नगरच्या घरी बोलावलं आणि स्वतः गावच्या सुखवतीबाईंसह, पिशवीभर कांडलेला-पाखडलेला कोदो घेऊन सकाळीच नानाखेडा बसस्टँडवर उतरली.

"काका, सिंपल ठेवायचं. नुसता भात, वर तूप."

"भात? शर्माजी काय बीमार आहेत? उज्जैनचा माणूस बाफल्यानेच पटतो!"

"पण कोदोचे बाफले कुणी करतं का?"

"म्हणूनच तर!"

"अहो, थोडा भाताला तरी ठेवा," शुभदा आतून ओरडली. तोवर मी सगळा कोदो घेऊन चक्कीवर पोचलो होतो.

पिठात हळद, ओवा, बडीशेप, मीठ घातलं. गोळा वळला की तडके. दाबला की आणखी तडके.

"हे बांधलंच जात नाहीये," शुभदा म्हणाली.

"तू टेन्शन नको घेऊस. उकळत्या पाण्यात जमून जाईल!"

सगळे गोळे पातेल्यात सोडले. बाफला शिजला की आपोआप वर तरंगतो, हा नियम. मी वाट बघत उभा राहिलो. कुणी वर येईना. शेवटी झारा घालून पाहिलं, तर खालीही कुणी नव्हतं!

तेवढ्यात बेल वाजली. शर्माजी वेळेचे भलतेच पक्के निघाले.

मुग्धाने पातेल्यात डोकावलं आणि तिचे डोळे भरून आले. "काका, गावात बायका फोनची वाट बघतायत. त्यांना काय सांगू?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शुभदाने बाफल्यांसाठी काढलेल्या तुपात जिरं-हिंग तडतडवलं आणि ती फोडणी पातेल्यावर ओतली.

सुखवतीबाई वाकून बघतात तो काय, तोंडाला पदर लावून हसायलाच लागल्या. "दादा, ये तो पेज है! हमारे यहाँ रोज बनती है!"

शर्माजींनी एक वाटी प्यायली. मग दुसरी. तिसरीला त्यांनी चमचाच बाजूला ठेवला.

"भाई साहब, ये चीज क्या है?"

मी तोंड उघडलं. शुभदाने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"पेज आहे. पहाडातली," ती म्हणाली.

"शादी में सूप की जगह यही रखेंगे! गाँव का सारा कोदो भेज दो."

मुग्धाने काकूला मिठी मारली, मग सुखवतीबाईंना. नंतर सुखवतीबाईंनी काकूला. माझा नंबर काही लागला नाही.

बाफल्यांचं खातंही त्याच दिवशी शुभदाकडे गेलं. पण लग्नात कुणी त्या पेजेची कृती विचारली, की ती अजून माझ्याकडेच बोट दाखवते.

"अगदी सोपी आहे," मी सांगतो. "आधी पूर्ण आत्मविश्वासाने बाफले करायला घ्या."