पांढराशुभ्र शर्ट
क्लोरीनचा वास आला की ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या चाळीतला माझा शाळेचा शर्ट आठवतो. टँकरच्या पाण्यात टाकायला दवाखान्यातल्या सिस्टरने घरोघरी क्लोरीनच्या थेंबांची बाटली दिलेली. शेजारच्या काकूंनी आपली बाटली आईला आणून दिली. “पाण्याला वास येतो गं याने. हिच्या शर्टावर ओत, डाग पटकन जातात.” ‘थेंब टाकल्याशिवाय पाणी पिऊ नये,’ बाटलीवरचं मी वाचलेलं, तरी शर्ट आणून आईपुढे ठेवला. शर्ट पांढरा हवा होता. आठवड्याने बाईंनी मला वर्गापुढे उभं केलं, “स्वच्छता शिका हिच्याकडून!” त्याच दुपारी काकूंच्या तान्ह्या बाळाला जुलाब लागले. ठाण्याला इस्पितळात नेलेलं ते परत आलं नाही. आता त्या थेंबांच्या बाटल्या घरोघरी मीच वाटते, आणि दोरीवर फार पांढरा शर्ट दिसला की आधी त्या घरातली बाळाची झोळी बघते.