दोन मशीनना एकच एक्कावन्न

सांगलीत आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी टायपिंगचा क्लास चालवायची. अठ्ठ्याण्णव साली टाइपरायटर माळ्यावर टाकले आणि चार कॉम्प्युटर मांडले. माझे धाकटे दीर लोणंदच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघायचे. सुट्टीत आले तेव्हा त्यांनी चारही मशीन वायरनं एकमेकांना जोडून दिली. कुठल्याही मशीनवर टाइप करा, पहिल्या मशीनजवळच्या प्रिंटरवर छापून येणार. जाताना बजावून गेले, "वहिनी, प्रत्येक मशीनला पत्त्याचा एक आकडा दिलाय. नवं मशीन आणलंत तर त्याला वेगळा द्या. दोघांना एकच दिला की घोळ झालाच."

मी कशाला घोळ करीन? मी तापट आहे हे सगळी गल्ली सांगेल, पण वेंधळी म्हणून अजून कुणी नाव ठेवलं नव्हतं.

पाचवं मशीन आलं त्या सकाळी मीच ते वायरीला जोडलं. आकड्याची चौकट समोर आली. भावजी शिकलेसवरलेले, त्यांनी एक, दोन, तीन, चार असेच आकडे दिले असणार, असा मी हिशेब केला. पाच द्यावा तर तो त्यांनी कशासाठी राखून ठेवला असला तर? मग सरळ एक्कावन्न दिला. आहेराच्या पाकिटात आपण कधी नुसते पन्नास घालतो का? वर एक असतोच. नवं मशीन आहे, शुभ आकडा असू दे म्हटलं. बाकीच्या मशीनवर कुठले आकडे आहेत ते बघायला पाच मिनिटं लागली असती, पण मला माझ्या अकलेचा भारी भरवसा.

दुपारी जतची मुलगी आली. आठवड्यातून तीन दिवस ती एसटीनं यायची आणि तिसऱ्या मशीनवर बसायची. जतजवळच्या एका शाळेत क्लार्कची जागा निघाली होती. अर्ज टाइप केलेलाच हवा होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत द्यायचा होता. आठवडाभर खपून तिनं तो तयार केला होता, नुसता छापायचा राहिला होता. तिच्या घरात पगाराची नोकरी कुणालाच नव्हती. साडेपाचच्या गाडीनं तिला परत जायचं होतं.

तिनं मशीन सुरू केलं, अर्ज उघडला, छापायला सांगितलं. प्रिंटर ढिम्म. तिच्या मशीनला बाकीची मशीन दिसेचनात. मी वायरी काढून परत खोचल्या, मशीन बंद करून चालू केलं. काही नाही. फ्लॉपीवर घ्यावं तर त्या मशीनचा फ्लॉपीचा खण महिनाभर बंद पडलेला. प्रिंटर उचलून तिच्या मशीनला जोडावा तर त्यासाठी लागणारी सीडी भावजींकडे लोणंदला. पाच वाजत आले आणि माझं डोकं तापलं.

"तू काय केलंस मघाशी?" मी विचारलं.

"काय न्हाई, बाई. मशीन लावल्यावर इंग्रजीत कायतरी आलं हुतं. मला वाचाय आलं न्हाई. मी ओके दाबलं."

झालं! मला गुन्हेगार सापडला. "न वाचता दाबतेस? दुसऱ्याचं मशीन म्हणजे काय खेळणं आहे? ऊठ तिथून. आणि परत येऊ नकोस!"

ती उठली. पिशवी उचलली आणि गेली. बाकीच्या पोरी खाली माना घालून टाइप करत राहिल्या.

मग मी लोणंदला फोन लावला आणि तावातावानं सगळं सांगितलं. भावजींनी शांतपणे विचारलं, "नव्या मशीनला आकडा कुठला दिलात?"

"एक्कावन्न."

पलीकडून हसणं ऐकू आलं. "अहो वहिनी, तिसऱ्याला मीच एक्कावन्न दिलाय! अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक. म्हटलं, शुभ असू दे." दोघं एकाच घरातले, अक्कल तरी वेगळी कुठून येणार! तिनं जे न वाचता दाबलं, त्यात हेच लिहिलं होतं म्हणे, की हा पत्ता आधीच दुसऱ्याकडे आहे.

नव्या मशीनला सहा दिला, तिसरं बंद करून चालू केलं, आणि प्रिंटर करकरायला लागला. अर्ज घेऊन मी स्कूटरवरून स्टँडवर पोचले तेव्हा जतची गाडी सुरू झालेली होती. ती खिडकीतच बसली होती. डोळे लाल. मी कागद आत दिले. तिनं आधी दोन्ही पानं तपासली, मग म्हणाली, "बाई, चुकलं माझं. परत न वाचता कायबी दाबणार न्हाई. परवा येऊ का?"

"ये," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. कंडक्टर बघत होता, शेजारच्या सीटवरची बाई कान देऊन ऐकत होती. 'तुझं नाही गं, माझं चुकलं' एवढं काही तोंडातून निघालं नाही. तिच्यावर ओरडताना मात्र अख्खी खोली ऐकत होती तरी मला लाज वाटली नव्हती. गाडी गेली आणि मी तिथंच उभी राहिले. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी ती आली. अर्ज वेळेत दिल्याचं सांगितलं आणि तिसऱ्या मशीनसमोर बसली. पण बटण दाबेना. दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती.

"हात लावू का, बाई?"

मला भडभडून आलं. उभी राहिले आणि सगळ्या पोरींसमोर सांगितलं, "परवा हिनं काही बिघडवलं नव्हतं. घोळ मी केला, आणि ओरडले हिच्यावर."

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"व्हय?" म्हणाली, आणि मला न विचारता मशीन चालू केलं.