एका वेळी एकच तक्रार

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात माणूस खोकला घेऊन जातो आणि सुनेची गाऱ्हाणी सांगून परत येतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बाई ऐकून घ्यायच्या. खोकल्यावरून गुडघा, गुडघ्यावरून झोप, झोपेवरून सून, आणि त्या सगळ्या पसाऱ्यातून मध्येच असं काही निघायचं की बाई ताठ बसायच्या आणि कडाडायच्या, "हे आधी सांगायला काय झालं होतं?" बाईंना रागवायची हौस होती आणि लोकांना त्यांच्याकडून रागवून घ्यायची. तीस वर्षं कुणाचंच काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं होतं ते पैशांचं. येणाऱ्यांतले बहुतेक सरकारी विम्याचं कार्ड पुढे करणारे. एका भेटीचे ठरलेले पैसे सरकार द्यायचं, मग माणूस पाच मिनिटं बसो की पाऊण तास, एक दुखणं काढो की सात. आणि रक्कम तरी केवढी? शेजारचा न्हावी नुसता डोक्याला हात लावायचे त्याहून जास्त घेत होता! भाडं वाढलं, औषधं वाढली, विजेचं बिल तर विचारूच नका. सरकारी दर मात्र होता तिथंच मांडी ठोकून बसलेला.

दवाखान्याचं काउंटर सांभाळायच्या वहिनी, म्हणजे बाईंच्या थोरल्या भावाची बायको. जीभ तिखट, जीव तितकाच मऊ. एरवी त्या बाईंना नावानं हाक मारायच्या, पण चिडल्या की 'डॉक्टरीणबाई' म्हणायच्या.

"डॉक्टरीणबाई," त्या एका दुपारी म्हणाल्या, "या महिन्याचं भाडं तुझ्या साठवलेल्या पैशांतून गेलं. गेल्या महिन्याचंही. असंच चाललं तर वर्षअखेर कुलूप लावायचं."

"मग मी करू काय?"

"कमी ऐक."

"आणि तरी कुलूप लागलं तर? घरी बसून तुझं ब्लडप्रेशर मोजत बसू का दिवसभर?"

"आत्ता किती वाढवलंस ते बघ आधी," वहिनी म्हणाल्या आणि कागद पेन घेऊन बसल्या. संध्याकाळी काउंटरवर ठसठशीत अक्षरांत पाटी लागली: एका वेळी एकच तक्रार. दुसरी पुढच्या वेळी. बाईंनी तोंड वाकडं केलं, पण पाटी लावू दिली. दवाखाना बंद पडायची कल्पनाच त्यांना सहन व्हायची नाही.

आणि काय सांगू, लोकांनी त्या पाटीचा नुसता खेळ करून टाकला! बाकावर बसल्या बसल्या विचारपूस चालायची, "तुमचं आज काय?" "पाठ. तुमचं?" "मी कान आणलाय, डोळे सोमवारी." एक काकू तर भाचीला सोबत घेऊन आल्या, भाचीला काहीच झालेलं नव्हतं, पण तिच्या नंबरावर काकूंची दुसरी तक्रार बसवायची होती. भेटी वाढल्या तशी आवकही जरा वाढली. वहिनी काउंटरमागे गुणगुणायला लागल्या. बाईंना मात्र करमेना. दिवसभर कुणावर ओरडायला मिळालं नाही तर माणसानं जगायचं तरी कशासाठी?

मग एका सकाळी शिंपीकाका आले. नियमाचे असे पक्के की रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत उभे राहायचे. पायाच्या अंगठ्याचं नख आत वळलं होतं. बाईंनी नख कापलं, पट्टी बांधली. काका उठले आणि खुर्चीची पाठ धरून थांबले. कपाळावर घाम. उजव्या हातानं डावा दंड चोळत होते.

"दंड का चोळताय?"

"ते गुरुवारचं आहे, बाई."

"काय गुरुवारचं?"

"छातीत भरून येतंय पहाटेपासून, ते. आज नखाचं ठरलं होतं ना? दुसरं एक आहे म्हटल्यावर वहिनींनी गुरुवारची वेळ दिलीय." काका कौतुकाची वाट बघत असल्यासारखे हसले. "नख जास्त ठणकत होतं, म्हणून ते आधी घेतलं."

मग मात्र बाईंचा आवाज थेट न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेला. काकांना आडवं केलं, गोळी चघळायला दिली, छातीला तारा लावल्या. मशीनमधून ईसीजीची पट्टी निघाली आणि पुढचं सांगायची गरजच उरली नाही. वहिनींनी ॲम्ब्युलन्स बोलावली. स्ट्रेचरवरूनही काका समजावत होते, "बाई, एका दिवसात दोन तक्रारी झाल्या हो, चालेल ना?" बाई रडत होत्या आणि ओरडतही होत्या.

संध्याकाळी हॉस्पिटलमधून फोन आला, वेळेत पोचले, धोका टळला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वहिनींनी पाटी उतरवली, फाडून बारीक तुकडे केले आणि मग त्यांचा बांध फुटला. "माझं अक्षर होतं गं ते."

"पाटी लावू मी दिली," बाई म्हणाल्या. "रडू नको. भाड्याचं बघते मी."

गावातलं मोठं खासगी हॉस्पिटल बाईंना कधीपासून बोलावत होतं. कंपन्यांच्या साहेब लोकांची वार्षिक तपासणी, आठवड्यातून तीन सकाळी. धडधाकट माणसं तपासायला मी डॉक्टर झाले नाही, असं म्हणून बाईंनी दर वेळी ते उडवून लावलं होतं. आता गेल्या. त्या दिवशी दवाखाना दुपारनंतर उघडायचा असं ठरलं.

पहिल्या दिवशी त्या परतल्या तेव्हा बाकं भरली होती, आणि बाईंचे पाय दुखत होते.

"काय गं, कसं झालं?" वहिनींनी पाण्याचा ग्लास पुढे करत विचारलं.

"सगळे ठणठणीत! एकालाही काही म्हणजे काही झालेलं नाही."

"अशी किती दिवस दोन्हीकडे धावणार आहेस? वय बघ जरा."

बाई घटाघटा पाणी प्यायल्या आणि खो खो हसायला लागल्या. "अगं वहिनी, निरोग्याला निरोगी म्हणायचे एवढे पैसे मिळतात, एवढे मिळतात, की त्यात आजारी माणसाचं पुरतं ऐकून घेणं परवडतं." असं म्हणून त्यांनी चपला बदलल्या आणि पहिल्या पेशंटला आत बोलावलं.